नववं घड्याळ

माझं नाव पुकारलं की टाळ्या अजून वाजतात,
पहिल्या सालासारख्या नाहीत.
तेव्हा पोरांनी मला खांद्यावर घेऊन
तालमीपासून चौकापर्यंत नेलं होतं.
यंदा एकानं टाळी वाजवली
तेव्हा हातातला मोबाईल हातातच होता.

मंडळाचं बक्षीस ठरलेलं : भिंतीवरचं घड्याळ,
पापाच्या तिकटीजवळच्या एका दुकानातून,
तळाला 'कॅरम, प्रथम क्रमांक' आणि साल.
घरात आठ झालीत.
सुलक्षणा सेल एकातच घालते.
बाकीची आपापल्या वेळेला थांबलीत,
सव्वादोन, पावणेनऊ,
पाहुणे आले की गोंधळतात.

दिवसा मी उद्यमनगरात लेथवर असतो.
केसभर जास्त कापलं की जॉब भंगारात,
हे बोटाला वीस वर्षं माहीत आहे.
संध्याकाळी तेच बोट स्ट्राइकरमागं ठेवतो.
ह्याला लोक देणगी म्हणतात.
मला ती पाळी वाटते, दुसरी.

चिठ्ठ्या काढताना ज्याच्यासमोर माझं नाव येतं
तो हसून म्हणतो, "झालं आमचं! चहा सांगा रे."
मीही हसायचो.
मग एकदा दिसलं,
चहा खरंच आधीच सांगून ठेवलेला असतो.

म्हणून पाचव्या साली एक करून बघितलं.
समोर बुचडे आण्णा,
मिल सुटून घरी बसलेले, चष्म्याला दोरी.
राणी खिशाच्या अगदी ओठावर,
फुंकर मारली तरी पडली असती.
मी ती सोडली.
इतक्या सफाईनं सोडली की बघणारे हळहळले.

आण्णांनी स्ट्राइकरला हात लावला नाही.
चष्मा काढला, सदऱ्याला पुसला.
"हात थरथरला व्हय रं?"
"हो आण्णा."
"मग दवाखान्यात जा.
न्हाईतर नीट खेळ. मी हितं भीक मागाया बसलोय व्हय?"
आणि राणी तिथंच ठेवून
मोकळ्या पाटावर एक फटका मारला,
सगळ्यांना दिसेल असा वाया.

मी पंचवीस-चारनं जिंकलो.
हात मिळवताना त्यांनी बोटं दाबली, जरा जास्तच.
पुढं चहा पिताना म्हणाले,
"आणि ते 'नशीब हो, नशीब' बंद कर.
नशिबानं हरलो म्हणून सांगू का मी घरात?"

तेव्हापासून सगळा खेळतो.
नशिबानं सोंगटी पडली तर सांगतो नशिबानं पडली,
बाकीच्यांबद्दल गप्प बसतो.
गप्प बसणं सोपं नाही.
कधीकधी लांबचा रिबाऊंड बसतो
आणि आत काहीतरी उडी मारतं,
त्याला खाली बसवेपर्यंत
समोरच्यानं माझं तोंड वाचलेलं असतं.

यंदा फायनलला सासन्यांचा प्रथमेश. नववीत आहे.
ओठावर पावडर, खुर्चीखाली दोन उशा.
पंचवीस-एकोणीस.
एकोणीस माझ्यावर आजवर कुणी चढवले नव्हते.
संपल्यावर तो पाटाकडंच बघत राहिला,
सोंगट्या मोजल्यासारखा.

'छान खेळलास' तोंडावर आलं होतं.
तो शब्द वरून डोक्यावर ठेवलेला हात असतो,
लहानपणी मलाही तो जड व्हायचा.
मी विचारलं,
"सहाव्या बोर्डात ती काळी तू पाठीमागून काढलीस,
ती कशी?"
मला खरंच कळलं नव्हतं.

तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग बाही वर करून स्ट्राइकर घेतला.
मांडववाले खुर्च्या एकात एक घालत होते,
कुणीतरी दिवा घालवला,
आण्णांनी शिव्या देऊन परत लावायला लावला.
त्यानं दाखवलं. मी मारला. चुकला.
"अंगठा न्हाई काका. अंगठा मधी येतोय तुमचा."
परत चुकला.
आता तो हसत होता, उशीवर उभा राहून.

खिशात फोन वाजला. सुलक्षणा.
"जिंकलात?"
"हं."
"परत घड्याळच?"
"घड्याळच."
"मग या की, भाकरी गार झाली."
"जेव तू," म्हटलं,
"माझा एक शॉट बसंना झालाय."